पाहुण्याला लागलेली ठेच

आमच्या जुन्या वाड्यात माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चांगला वीतभर उंच उंबरा होता. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी त्या वाड्यात वाढलो. पण त्या उंबऱ्याची ठेच मला एकदाही लागल्याचे आठवत नाही. पाय आपोआप उचलला जाई. आई तर काळोखात, कमरेवर भरलेली घागर घेऊन त्यावरून बिनदिक्कत ये-जा करी. मात्र कोणी नवा पाहुणा जेवायला आला की त्या जागी तो हमखास ठेचकाळे, आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणत असू, "जपून हं, तिथं उंबरा आहे!" हे वाक्य आम्ही किती पाहुण्यांना ऐकवले असेल कोण जाणे, पण तो उंबरा थोडा तासून घ्यावा, असे घरातल्या एकाही माणसाच्या मनात आले नाही. पाहुणाच धांदरट, असा आमचा ठरलेला निकाल असे.

हा उंबरा मला इतक्या वर्षांनी आठवला तो माझ्या पुतण्याच्या उद्योगामुळे. थोरल्या भावाचा हा मुलगा संगणकशास्त्र शिकलेला. नोकरी सोडून दोघा मित्रांबरोबर कोथरूडला एक खोली भाड्याने घेऊन त्याने मोबाइलवरचे एक ॲप तयार केले. वृद्ध माणसांना औषधांच्या वेळेची आठवण करून देणारे. वेळ झाली की फोन वाजतो, पडद्यावर गोळीचे नाव येते, आणि गोळी पोटात गेली की 'घेतली' असे लिहिलेले बटण दाबायचे. न दाबले तर अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजतो. तरीही उत्तर नाही मिळाले, तर मुलाला किंवा मुलीला निरोप जातो. कल्पना उत्तम, हेतू त्याहून उत्तम. सगळ्या नातेवाइकांनी आपापल्या फोनवर ते घेतले आणि सगळ्यांनी एकच अभिप्राय दिला, "छान झालंय हो!"

घरच्यांच्या या 'छान'चे मोल किती, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. आमटी अळणी झाली तरी नवी सून पानाशी उभी असताना कोणी तसे म्हणत नाही.

तर ते ॲप आमच्या आईच्या फोनवरही बसले. तिचे वय ब्याऐंशी. रक्तदाबाची एक गोळी सकाळी आठ वाजता. आठ दिवस गेले, आणि एके दिवशी सकाळी ती देवासमोर बसल्या बसल्या एकदम घेरी येऊन कलंडली. डॉक्टर आले, त्यांनी रक्तदाब पाहिला, तो फारच उतरलेला होता. पायांखाली उशा देऊन तिला निजवले. गोळ्यांची पट्टी तपासली, तेव्हा त्या दिवशीच्या दोन गोळ्या कमी भरल्या. दुपारपर्यंत ती सावरली, हे आमचे नशीब.

तिची जबानी अशी : "आठला गोळी घेतली, बटण दाबलं. साडेआठला तो पुन्हा वाजला. म्हटलं, मला वाटतंय घेतली. पण ती कालची आठवत असेल. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

पुतण्याने लगेच आपल्या फोनवर सारा प्रकार करून पाहिला. बटण दाबले, नोंद झाली, फोन गप्प बसला. मित्रांच्या फोनवर पाहिले, तेथेही बिनचूक. झाले! निकाल लागला : आजी बटण दाबायला विसरली.

हे वाक्य कोणी रागाने उच्चारले नव्हते, उलट फार मायेने म्हटले होते. पण त्याचा परिणाम घेरीपेक्षा वाईट झाला. आई स्वतःच्या स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवू लागली. भाजीत मीठ घातले की नाही, हे वहिनींना दोन-दोनदा विचारू लागली. जिला चार पिढ्यांचे वाढदिवस तिथीसकट पाठ, ती "माझं काही खरं नाही रे आता" असे म्हणू लागली. विस्मरणाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी काय, अशी कुजबुज घरात सुरू झाली. आणि मी, जो त्या उंबऱ्याच्या घरात वाढलो, तोही या कुजबुजीत सामील होतो.

पुतण्याचा एक मित्र मात्र बेचैन होता. त्याने आग्रह धरला की, एकदा बाहेरच्या जाणत्या माणसाला दाखवू. या विद्येला 'युझर एक्स्पीरियन्स' असे भारदस्त नाव आहे. डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्यातच हे शब्द घालून घेतले आणि तेव्हापासून ते रूढ झाले. आपल्या भाषेत 'वापराची सोय' म्हटले तरी चालेल. शोधाशोध करून एक अनुभवी बाई मिळाल्या. त्यांची फी तिघांच्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याइतकी! पुतण्याचा चेहरा पडला. "काका, चार ओळखीच्या माणसांना विचारलं तर फुकटात मत मिळेल," असे तो मला म्हणाला. मी म्हटले, "फुकट मते तुला मिळाली आहेतच की. सगळी 'छान'."

बाई आल्या त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. पुतण्याने मोठी तयारी केली होती. ॲपची कल्पना कशी सुचली, पुढे काय बेत आहेत, हे दाखवणारी चित्रे भिंतीवर पाडण्यासाठी त्याने प्रोजेक्टर आणला होता. बाईंनी पहिले चित्र पाहिले आणि विचारले, "प्रत्येक फोनबरोबर तुम्ही स्वतः जाणार आहात का समजावून सांगायला?"

"नाही, मॅडम."

"मग मलाही सांगू नका."

त्यांनी ॲपबद्दल असे काहीच विचारले नाही. विचारले ते भलतेच. वापरणाऱ्याचे वय काय, चष्मा कोणता, सकाळी आठला घरात उजेड कसा असतो, फोन कुठे ठेवलेला असतो, तो नवा की मुलाने वापरून दिलेला. आणि शेवटी म्हणाल्या, "ज्यांच्याबाबत घोटाळा झाला, त्या आजींचाच फोन मला पाहायचा आहे. तुमचा नको."

आईचा फोन मागवला. बाईंनी ॲप उघडले, 'घेतली' हे बटण दाबले, आणि फोन आमच्यासमोर टेबलावर ठेवला. पडद्यावर ठळक अक्षरांत प्रश्न होता : 'गोळी घेतल्याची खात्री आहे का?' त्याखाली काहीच नव्हते. निदान दिसत तरी नव्हते. बाईंनी बोटाने पडदा वर सरकवला, तेव्हा तळाच्या अंधारातून 'होय' असे बटण हळूच डोके काढून वर आले.

झाले होते ते असे. आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून नातीने तिच्या फोनवरची सगळी अक्षरे मोठी करून ठेवली होती. अक्षरे मोठी झाली, प्रश्न दोन ओळींचा चार ओळींचा झाला, आणि उत्तराचे बटण पडद्याच्या काठाखाली ढकलले गेले. ॲप बनवणारे तिघेही पंचविशीचे. त्यांच्या फोनवरची अक्षरे मुंगीएवढी. त्यांच्याकडे ते बटण नेहमीच समोर दिसे. मग सुरुवातीचे आठ दिवस कसे निभावले? वहिनी जवळ असत, त्या बोट फिरवून देत. नवव्या दिवशी त्या बाहेरगावी गेल्या होत्या.

संध्याकाळी आईला विचारले, "खात्री आहे का, असा प्रश्न आला तेव्हा तू काय केलंस?"

"काय करायचं? 'हो, आहे' म्हटलं की!" ती म्हणाली.

तिने यंत्राला तोंडी उत्तर दिले होते. प्रश्न विचारला आणि उत्तराला जागा ठेवली नाही, तर सभ्य माणूस दुसरे काय करील?

या एका प्रसंगानंतर मी या विषयावरचे काही वाचून काढले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. 'वापरणाराच चुकला' हा निकाल आमच्याच घरात लागतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही जातींच्या विमानांचे अपघात एका चमत्कारिक रीतीने होत. विमान सुखरूप धावपट्टीवर उतरे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेई! विमान पोटावर आपटे. कागदोपत्री कारण ठरलेले : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाच्या आसनापुढची मांडणी नीट पाहिली. बी-१७ सारख्या विमानांत चाकांचा दांडा आणि झडपांचा दांडा शेजारी-शेजारी, दिसायला आणि हाताला सारखेच. सी-४७ या विमानात त्यांची रचना निराळी होती, तेथे हा घोटाळा होत नव्हता. उपाय तो किती साधा! चाकांच्या दांड्याच्या टोकाला रबरी चाक बसवले, झडपांच्या दांड्याला पाचरीच्या आकाराची मूठ. दमलेला हातसुद्धा न पाहता ओळखील. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून सांगितल्या गेलेल्या ४६० प्रसंगांची छाननी प्रसिद्ध केली. त्यातही पुष्कळ चुकांचे मूळ यंत्राच्या मांडणीत सापडले.

मोठ्या अक्षरांची गंमत तर आमच्यापुरती मुळीच नव्हती. २००० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडातल्या पाम बीच परगण्यात वृद्ध मतदार पुष्कळ. त्यांना वाचता यावे म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी मतपत्रिकेचे अक्षर मोठे केले. मग नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती डाव्या-उजव्या दोन पानांवर घेतली, आणि छिद्रे पाडण्याची रांग मध्ये. डाव्या पानावरचे दुसरे नाव अल गोर यांचे. पण दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या बुकॅनन यांचे! पुढे केलेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला की, गोर यांना मत द्यायला आलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांनी चुकून बुकॅनन यांना मत दिले. त्या राज्यात बुश आणि गोर यांच्यात अखेर फरक राहिला ५३७ मतांचा. हेतू शंभर टक्के शुद्ध होता, आमच्या नातीच्या हेतूसारखाच.

आपल्या देशात मात्र याच बाबतीत एक गोष्ट शहाणपणाने झाली. मतदानयंत्र घडवताना इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांबरोबर मुंबईला पवईच्या आय. आय. टी. तील औद्योगिक रचना केंद्राच्या प्राध्यापकांना त्याच्या रचनेसाठी बोलावले होते. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याने आयुष्यात यंत्राचे बटण दाबलेले नाही, अशा माणसाने ते एकट्याने, आडोशाला, कोणालाही न विचारता वापरायचे. नाव, त्यापुढे चिन्ह, त्यापुढे निळे बटण, सगळे एका ओळीत. दाबले की त्याच ओळीत लाल दिवा लागतो आणि लांबलचक 'पीं' असा आवाज होतो. अलीकडे तर काचेआड सात सेकंद चिठ्ठीही दिसते. मतदाराला "झालं का हो माझं?" असे विचारावे लागत नाही.

बाईंच्या अहवालात हेच कलम पहिले होते : काम झाले की यंत्राने तसे सांगावे. अहवालात एकंदर तेवीस कलमे होती, आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार असे गुण. जितके गुण जास्त, तितका दोष गंभीर. परीक्षेच्या उलट! या पद्धतीला बैठक आहे. १९९० मध्ये याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिच या डॅनिश संशोधकांनी ती मांडली, आणि १९९४ मध्ये नील्सन यांनी तिचे दहा ठोकताळे पक्के केले. यंत्राने माणसाच्या भाषेत बोलावे; चूक झाल्यास मागे फिरता यावे; लक्षात ठेवण्याचा भार माणसावर न टाकता जे हवे ते समोर दिसावे; असे ते नियम आहेत. वाचताना वाटते, यात काय विशेष? पण विशेष हे की, हे नियम हातात असूनही एकट्या तज्ज्ञाला सगळे दोष दिसत नाहीत. नील्सन-मोलिच यांच्या प्रयोगांत एकेका परीक्षकाला दोषांपैकी २० ते ५१ टक्केच सापडले. म्हणून ते तीन ते पाच परीक्षक नेमायला सांगतात. बाईंनी हे आपण होऊन सांगितले : "माझ्या यादीवर विसंबू नका. दुसऱ्या कोणाला तरी, माझी यादी न दाखवता, विचारा." फी घेऊन आपल्या मताची मर्यादा सांगणारा माणूस मला तरी दुर्मीळ वाटतो.

त्यांचा दुसरा आग्रह होता की, पाच-सहा ज्येष्ठ माणसांच्या हातात फोन द्यावा, त्यांना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे, आणि बनवणाऱ्यांनी शेजारी बसून एक अक्षर बोलू नये. ही शेवटची अट सर्वांत कठीण. आमच्या घराजवळच्या एका सभागृहात हा प्रयोग झाला. पुतण्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, नाहीतर ते पुढे गेलेच असते.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी पडद्यावरचा मजकूर स्वल्पविरामासकट वाचला आणि 'डोस वगळा' या बटणापाशी थांबले. "म्हणजे हे औषध डॉक्टरांनी कायमचं बंद केलं, असं समजायचं ना?" पोरांच्या मनात त्याचा अर्थ 'आजच्यापुरते राहू दे' असा होता. एका आजींनी फोनला बोटच लावले नाही. "भलतंच काही दाबलं गेलं आणि कोणाला पैसे गेले म्हणजे?" एका आजोबांचे बोट कोरडे, सुरकुतलेले. ते दाबत होते आणि फोनला कळत नव्हते. मग ते जोर करू लागले, आणि बोट घसरून शेजारच्या 'औषध काढून टाका' या चित्रावर गेले. या दोन चित्रांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे अंतर होते. हे कलम बाईंच्या तेविसांत नव्हते. त्यांनी ते तेथल्या तेथे चोविसावे म्हणून टिपून घेतले.

आणि एका कलमावर बाई हरल्या, तेही सांगितले पाहिजे. तासाभराने मुलाला जाणारा निरोप बंद करा, असे त्यांनी लिहिले होते. वृद्धांना पाळत ठेवल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर एक आजी म्हणाल्या, "असू द्या हो. तेवढ्यानिमित्त बंगलोरहून मुलाचा फोन तरी येतो." खोलीत कोणीच काही बोलले नाही. बाईंनी पेन काढून ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

माझ्या मते चूक झाली होती ती वेळेची. या मंडळींनी बाईंना बोलावले ते घरावर कौले चढल्यावर. कागदावर चौकोन काढून, त्यात बटणांची नावे पेन्सिलीने लिहून तेच आजोबांना सहा महिने आधी दाखवले असते, तर रबराने काम भागले असते. पुढे त्यांना तो सगळा भाग पुन्हा लिहावा लागला, त्यात दोन महिने गेले. एका मित्राने मध्येच नोकरी धरली. पुतण्या मात्र आता नवा पडदा केला की आधी स्वतःच्या फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करतो आणि मग पाहतो.

त्या सभागृहातून परतल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती आजीपाशी जाऊन बसण्याची. "आजी, तू विसरली नव्हतीस. बटण मीच लपवलं होतं," असे तो म्हणाला. आई काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग मोठ्याने वहिनींना हाक मारून म्हणाली, "ऐकलंस का गं? मी बटण दाबलं होतं!" त्या रात्री तिने आमच्या एका मावसबहिणीच्या लग्नातला रुखवत, कोणी काय केले होते त्याच्या नावांसकट, सगळ्यांना पुन्हा ऐकवला.

नवे ॲप गेल्या महिन्यात तिच्या फोनवर बसले. 'खात्री आहे का' हा प्रश्न गेला. गोळी घेऊन बटण दाबले की पडदा भरून हिरवा होतो, वेळ मोठ्या आकड्यांत उमटते, आणि एक लांब आवाज होतो. चुकून दाबले असेल तर खाली 'परत घ्या' असे बटण आहे, आणि ते अक्षर कितीही वाढवले तरी जागचे हलत नाही. पहिल्या दिवशी पुतण्या शेजारी बसला होता, हात मांड्यांखाली. आईने बटण दाबले. आवाज झाला.

"मतदानासारखं वाजलं रे," ती म्हणाली. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले. "पण ही इथं वर तीन रेघा कशाला काढल्यात?"

पुतण्याने तोंड उघडले, मिटले, आणि खिशातून वही काढली.